एकच जिना तीनदा काढताना

लग्नाकार्यात भेटलेल्या मावश्या-आत्या विचारतात, "म्हणजे तू नक्की करतेस काय गं?" ग्राफिक नॉव्हेल म्हटलं की "कॉमिक्स का?" असं येतं आणि पाठोपाठ आवाज खाली आणून, "भागतं का त्यात?" खरं सांगायचं तर त्यात भागत नाही. गेल्या महिन्यात मी मुलांच्या एका पुस्तकाची चित्रं काढली, ३० सेकंदांच्या एका जाहिरातीचा स्टोरीबोर्ड (चित्रीकरणाआधीचा चौकटींतला आराखडा) केला, मोबाइलवर वाचायच्या गोष्टीचे दोन भाग दिले. स्वतःच्या पुस्तकाची पानं झाली अडीच. चित्रांतून गोष्टी सांगण्याच्या या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांनी हा हिशेब आधीच डोक्यात ठेवलेला बरा.

माझं पुस्तक पानशेतच्या पुराचं आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं आणि पाठोपाठ खडकवासल्याचं धरण फुटलं, तेव्हा आजी शनिवार पेठेतल्या एका वाड्यात राहत होती. तिच्या आठवणीत पूर म्हणजे जिना. अकरा पायऱ्या होत्या, पैकी सात बुडाल्या. ती वरच्या पायरीवर बसून मोजत होती.

हा जिना मी आतापर्यंत तीन वेळा काढलाय. आधी पुस्तकासाठी, काळ्यापांढऱ्यात. पुस्तकात सगळा खेळ पान उलटण्याचा असतो. उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत आजी फक्त खाली बघते. काय बघते ते पान उलटल्यावर. मग मोबाइलसाठी तोच प्रसंग मागितला गेला. मी हुशारी करून पानाच्या चौकटी कापल्या आणि एकाखाली एक लावल्या. पार मेलं ते. उलटायला पानच नव्हतं! पुन्हा बसले आणि जिना एकाच लांबलचक उभ्या चित्रात काढला. वाचणाऱ्याचा अंगठा एकेक पायरी उतरत जातो आणि पाचव्या पायरीला पाणी लागतं. तिसऱ्यांदा छोट्या व्हिडिओसाठी. तिथे पाणी दाखवलंच नाही. अंधारा जिना, आणि खाली तरंगणारं घंगाळ भिंतीवर आपटल्याचा आवाज.

मल्टिमीडिया करिअर म्हणतात ते मला कळलं ते या तिसऱ्या खेपेला. सॉफ्टवेअर चार महिन्यांत येतं. वाचणारा पुढे सरकतो कशाने, पानाने, अंगठ्याने की घड्याळाने, हे ओळखायला मला सहा-सात वर्षं लागली. पुण्यात याचं चांगलं उदाहरण डोळ्यासमोर आहे. १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये सुरू झालेला चिंटू. वर्तमानपत्रातल्या छोट्या चित्रपट्टीतून तो पुस्तकांत गेला आणि २०१२ मध्ये सिनेमात. पट्टीतला विनोद दोन-तीन चौकटींत संपतो, सिनेमात तेवढ्याने कसं भागेल?

आता ज्याबद्दल कुणी सांगत नाही ते: अक्षरं. पात्रांचे संवाद ज्यात लिहितात त्या फुग्यात देवनागरी बसवणं हे स्वतंत्र काम आहे. रोमन अक्षरं ओळीला ओळ चिकटवून मावतात. आपल्याकडे वर रफार, वेलांटी, अनुस्वार, खाली उकार. दोन ओळींत जागा सोडली नाही तर वरच्याचा उकार खालच्याच्या मात्रेत घुसतो. म्हणून मी आधी संवाद लिहून फुगे ठेवते आणि उरलेल्या जागेत चित्र काढते. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीची मजकूर-मांडणी निवडली नसेल तर जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते. माझ्या पहिल्याच छापील कामात 'पिल्लू'ची अशी दशा झाली होती आणि प्रूफ मीच पास केलं होतं, त्यामुळे ओरडायला तोंड नव्हतं. आता नवा फॉन्ट घेतला की आधी 'जिन्याच्या पायऱ्यांवर कुत्र्याची पिल्लं' एवढं टाइप करून बघते. 'पायऱ्यां'तला र बहुतेक तिथेच उघडा पडतो. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे फॉन्ट फुकट आहेत, सुरुवातीला तेवढे पुरतात.

शिक्षणाचं थोडक्यात. बारावीनंतर बीएफए (ललित कलेची पदवी) करायचं तर राज्याची एमएएच-एएसी सीईटी ही प्रवेश परीक्षा असते: डिझाइन, वस्तुचित्र, स्मरणचित्र, सामान्य ज्ञान. कोर्स चार वर्षांचा. मी उपयोजित कला केली. हात सुधारला, पण गोष्ट ओळीने सांगायला तिथे कुणी शिकवलं नाही. ते शिकले लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हमध्ये सिनेमे बघून. अंधारात वहीत अंदाजाने चौकटी काढायच्या; घरी येऊन निम्म्या कळायच्याच नाहीत. पोर्टफोलिओत पंधरा सुटी देखणी चित्रं ठेवण्यापेक्षा सलग चार पानांची एक गोष्ट ठेवा, मला कामं त्यावर मिळाली.

पैशांचं बोलायला आपण लाजतो. एका दिवाळी अंकाला पाच चित्रं दिली होती. पुढच्या वर्षी त्यातली दोन मला एका कॅलेंडरवर भेटली, शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात. फोन केला तर, "अहो मॅडम, मानधन दिलं होतं ना?" कागदावर काहीच नव्हतं, त्यामुळे गप्प बसले. सांगून, पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राची मालकी कोणाची, हा कायद्यात किचकट प्रश्न आहे, म्हणून पेन्सिल उचलण्याआधी ईमेलवर लिहून घ्या: कशासाठी, किती वर्षं, कुठे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १९ व्या कलमानुसार हक्क लेखी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. माझ्या ईमेलमध्ये आता 'छापील' आणि 'पडद्यावर' या दोन वेगळ्या ओळी असतात, त्यांचे दरही वेगळे. आणि दुरुस्त्या दोनच फुकट.

घरच्या दुरुस्त्यांना हा नियम नाही. मागच्या आठवड्यात आजीला तिन्ही जिने दाखवले. तिने चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाली, "घंगाळ पितळेचं नव्हतं गं, तांब्याचं होतं." पुस्तकात काही करावं लागलं नाही, ते काळंपांढरं. मोबाइलच्या चित्रात एका लेअरचा रंग बदलला, दहा मिनिटं लागली. व्हिडिओतला आवाज पितळी घंगाळाचा आहे. तांब्याचं घंगाळ शोधायला रविवारी जुन्या बाजारात जाणार आहे.