पूना हॉर्सचा सेंच्युरियन: १/३५ च्या किटमध्ये पन्नास टनांचं वजन कसं आणायचं

सेंच्युरियन टँकचं प्लास्टिक मॉडेल (१/३५, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढं) करायचं असेल तर किटचा डबा उघडायच्या आधी एकदा नगरला जाऊन या. आता अहिल्यानगर म्हणायचं, तिथलं कॅव्हलरी टँक म्युझियम. पुण्याहून सकाळी निघालात तर संध्याकाळी घरी. तिथे सेंच्युरियनच्या समोर दहा मिनिटं नुसतं उभं राहा, फोटो नंतर काढा. पहिली गोष्ट काय जाणवते तर वजन. पन्नास टनांच्या वर लोखंड जमिनीवर बसलंय हे लांबूनच कळतं. आणि आपण घरी बनवलेला टँक, कितीही नीट चिकटवलेला असला, रंग कितीही चांगला असला तरी खेळण्यासारखा दिसतो तो बहुतेक वेळा याच कारणाने, त्यात वजन दिसत नाही. त्यामुळे मी खाली जे काय सांगतोय ते सगळं त्या एका गोष्टीसाठी आहे, महागडे एक्स्ट्रा सेट विकत घेऊन डिटेल वाढवण्यासाठी नाही.

सेंच्युरियनच का, तर हा टँक आपल्या जवळचा आहे. १९६५ च्या युद्धात असल उत्तरला पाकिस्तानचे पॅटन टँक अडवले त्यात ३ कॅव्हलरी रेजिमेंटचे सेंच्युरियन होते, आणि तिकडे सियालकोट सेक्टरमध्ये फिलौराला पूना हॉर्स रेजिमेंटचे. लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर मूळ मुंबईचे, पूना हॉर्सचे प्रमुख, त्याच सेक्टरमध्ये फिलौरानंतर काही दिवसांनी गेले, परमवीर चक्र. मग १९७१ ला बसंतरला त्याच रेजिमेंटचा सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, पुण्यात जन्मलेला, वय २१, त्याच्या सेंच्युरियनचं नाव 'फामागुस्ता', नंबर जेएक्स २०२, आणि तो टँक आज नगरच्याच आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवलाय. हे माहीत असलं की हातातलं प्लास्टिक वेगळ्या नजरेने बघितलं जातं, निदान माझ्याकडून तरी.

आता किट. १/३५ मध्ये तामिया कंपनीचं जुनं मार्क ३ (मार्क म्हणजे टँकची आवृत्ती) आहे, पार्ट कमी, सुटसुटीत, पहिल्यांदा करणाऱ्याला तेच सांगेन. एएफव्ही क्लब कंपनीचे मार्क ५ वगैरे नंतरचे आहेत, डिटेल खूप जास्त आणि वेळही तेवढाच खातात. आपल्याकडे आले ते बहुतेक मार्क ७, त्यामुळे डब्यातलं जसंच्या तसं लावून चालेल असं धरू नका. सगळ्यात आधी तोफेची नळी बघा. मार्क ३ ची सुरुवातीची नळी सरळसोट होती, नंतरच्या नळ्यांवर मध्येच जाड डब्यासारखा भाग येतो तो फ्यूम एक्स्ट्रॅक्टर, गोळा सुटल्यावर नळीतला धूर टरेटमध्ये, म्हणजे वरच्या फिरत्या बुरुजात, येऊ नये म्हणून. ज्या टँकचं मॉडेल करताय त्याचा फोटो समोर ठेवा आणि नळी त्याच्याशी जुळवा, कारण बघणाऱ्याची नजर पहिली नळीवरच जाते. नळी दोन अर्ध्या भागांत असेल तर जोड घासताना ती गोल राहत नाही, एका बाजूने चपटी होते, म्हणून सँडपेपरची पट्टी नळीवर आडवी टाकून बूट पॉलिश करतात तशी दोन्ही हातांनी ओढायची आणि नळी मधूनमधून फिरवायची.

स्प्रू (पार्ट ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात ती) आधी भांडी धुवायच्या साबणाने कोमट पाण्यात धुवून वाळवा, प्लास्टिकवर साच्याचं तेल असतं आणि मग रंग धरत नाही. निपरने कापताना पार्टला लागून कापू नका, थोडं अंतर ठेवून कापा आणि उरलेलं ब्लेडने काढा. चाकांना कंटाळू नका एवढंच सांगतो. एका बाजूला सहा जागा, प्रत्येक जागेला चाकं दोन, म्हणजे दोन्ही बाजू मिळून २४, आणि प्रत्येकाच्या कडेवर मोल्ड लाइन, म्हणजे साच्याच्या जोडाची रेघ असते. मी चाक टूथपिकवर घट्ट बसवतो आणि टूथपिक हँड ड्रिलमध्ये धरून सँडपेपरवर फिरवतो, २४ चाकं तासाभरात होतात.

सस्पेन्शन म्हणजे वजनाची खरी सुरुवात. सेंच्युरियनला हॉर्स्टमन सस्पेन्शन आहे, दर बाजूला तीन बोगी (स्प्रिंगवाल्या चौकटी), एका बोगीवर चाकांच्या दोन जोड्या. काही किटमध्ये बोगीत खऱ्या धातूच्या स्प्रिंगा येतात, हातात घेऊन दाबायला मजा येते पण मॉडेलला वजन नसतं ना, त्यामुळे हल (टँकचा खालचा मुख्य सांगाडा) वर उचललेला राहतो आणि टँक टाचा उंच करून उभा असल्यासारखा दिसतो. स्प्रिंगा काढा किंवा कापून लहान करा, सगळं काचेच्या तुकड्यावर ठेवा, वरून एखादं जाड पुस्तक ठेवून हल थोडा खाली बसू द्या आणि त्याच अवस्थेत ग्लू टाका. बेसवर खडबडीत जमीन करणार असाल तर बेस आधी करा आणि बोगी त्या जमिनीवर ठेवूनच चिकटवा. मग एखादी बोगी खड्ड्यात थोडी झुकलेली दिसते, आणि तेवढ्याने सगळा टँक जड वाटायला लागतो.

ट्रॅकचं तेच. रबरी ट्रॅक ताणलेल्या इलास्टिकसारखा बसतो, खऱ्या ट्रॅकची एकेक कडी लोखंडाची आणि वरच्या बाजूने तो रिटर्न रोलरवर (ट्रॅकला वरून आधार देणाऱ्या छोट्या चाकांवर) टेकून मधेमधे थोडासा लोंबतो. खूप नाही, सेंच्युरियनला रिटर्न रोलर आहेत त्यामुळे जर्मन पॅंथर टँकसारखा मोठा झोल देऊ नका, ते चुकीचं दिसेल. रोलरवर फेविक्विकचा बारीक थेंब, मग ट्रॅक आणि वरच्या फेंडरच्या मध्ये स्पंजचे तुकडे कोंबा म्हणजे ट्रॅक खाली दाबला जातो, रात्रभर तसंच ठेवा. साइडच्या स्कर्ट प्लेट (ट्रॅक झाकणारे पत्रे) लावणार असाल तर वरचा भाग झाकलाच जातो, मग फक्त पुढच्या आयडलर (ट्रॅक ताणून धरणारं चाक) आणि मागच्या स्प्रॉकेटजवळ (ट्रॅक फिरवणारं दातेरी चाक) जे दिसतं तेवढंच नीट करा. आणि एक, काही रबरी ट्रॅक वर्षानुवर्षं प्लास्टिकच्या चाकाला टेकून राहिले की प्लास्टिक विरघळवतात, म्हणून चाक आणि ट्रॅक दोन्हीवर रंगाचा पूर्ण थर हवा, उघडं प्लास्टिक उघड्या रबराला लागता कामा नये.

आता टरेट, माझा सगळ्यात आवडता भाग. सेंच्युरियनचा टरेट ओतीव आहे, म्हणजे कास्टिंग, वर छताची प्लेट वेल्ड केलेली. ओतीव लोखंड गुळगुळीत नसतं, त्यावर उन्हाळ्यातल्या संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा असतो. किटचा टरेट बहुतेक वेळा साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत असतो. मिस्टर सर्फेसर ५०० (जाडसर प्रायमर) घ्या, नसेल तर तामियाची पुट्टी थोड्या लिक्विड सिमेंटमध्ये (प्लास्टिकचा पातळ ग्लू) पातळ करा, जुना राठ ब्रश (कॅमलचा हॉग हेअर ब्रश केस अर्धे कापून मस्त चालतो) त्यात बुडवून टोचत टोचत लावायचं, ब्रश ओढायचा नाही. एका वेळी दोन-तीन सेंटीमीटरचाच भाग, कारण ते पटकन वाळतं. दुसऱ्या दिवशी ६०० च्या सँडपेपरने हलकेच वरची टोकं मारा. पहिल्यांदा बघताना वाटेल फार झालं, पण प्रायमर मारल्यावर ते निम्मं होतं.

पण इथे बरेच जण चुकतात, उत्साहात सगळ्या टँकला खरखरीत करून टाकतात. हल हा रोल केलेल्या प्लेटा वेल्ड करून बनवलेला आहे, तो गुळगुळीतच हवा. टरेटच्या बाजूचे सामानाचे डबे पातळ पत्र्याचे, त्यांना कास्टिंगचा खरखरीतपणा अजिबात नको, त्यांना पोचे हवेत. दोन-तीन ठिकाणी गोल फाइलने किंवा ब्लेड घासून पोचा करा. ओतीव, रोल केलेली प्लेट आणि पत्रा हे तीन वेगळे पोत एकमेकांच्या शेजारी दिसले की प्लास्टिक विसरायला होतं, रंग लावायच्या आधीच.

वेल्डच्या रेघा: स्प्रूचा तुकडा मेणबत्तीवर धरून मऊ झाला की ओढा, केसासारखी तार मिळते. ती जोडावर ठेवून एक्स्ट्रा थिन सिमेंट दोनदा फिरवा, पाच मिनिटांनी मऊ पडली की ब्लेडच्या टोकाने जवळजवळ दाबत जा. सरळ रेषेत एकसारखं नको, हाताने केलेलं वेल्डिंग असतं ते.

स्कर्ट प्लेट जरूर बदला. खऱ्या प्लेटची जाडी पाच-सहा मिलिमीटर, १/३५ मध्ये ती ०.१७ मिमीच्या आसपास येते. किटमधली प्लेट एक मिलिमीटर जाड असेल तर हिशोबाने ती साडेतीन सेंटीमीटर जाड पत्र्याची झाली! कोल्ड्रिंकचा कॅन कापा, आतलं-बाहेरचं कोटिंग सँडपेपरने घासून काढा, किटची प्लेट वर ठेवून आकार काढा आणि कात्रीने कापा. हाताला लागतं, जपून. खालच्या कडा थोड्या वाकवा, एखादी प्लेट काढूनच टाका, झाडाझुडपातून जाताना त्या वाकायच्या आणि निघायच्या.

तोफेच्या मुळाशी मँटलेटवर (नळी टरेटला मिळते तिथलं जाड कवच) कॅनव्हासचं आवरण असतं. टिश्यू पेपरचा एक पदर घेऊन पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये भिजवा आणि ओला असतानाच ब्रशने सुरकुत्या पाडा, सुरकुत्या वरून खाली झुकलेल्या हव्यात, कापडालाही वजन असतं. एम-सीलनेही होतं पण ते लवकर कडक होतं, बारीक घड्या घालायला वेळ पुरत नाही. टो केबलसाठी (टँक ओढायच्या लोखंडी दोरासाठी) किटमधला दोरा वापरू नका, त्याची लव दिसते. घरातल्या वायरमधल्या तांब्याच्या तारा काढून पीळ द्या आणि गॅसवर क्षणभर लाल करा, तांबं मऊ पडतं आणि केबल हवी तशी टेकून बसते, हवेत उठून राहत नाही.

रंगाआधी हवामान बघा, हे मुंबई-ठाणे-कोकणवाल्यांसाठी खास. मी एकदा जुलैत, बाहेर धो धो पाऊस असताना मॅट वार्निश मारलं आणि सहा आठवड्यांचं काम सकाळी पांढरट धुकं पडल्यासारखं झालं होतं, पोटात गोळाच आला. कोरड्या दिवशी वरून ग्लॉसचा पातळ हात मारला तेव्हा बरंचसं गेलं. तेव्हापासून पावसाळ्यात फक्त चिकटवाचिकटवी, स्प्रे दिवाळीनंतर. खिडकी उघडी आणि फिल्टरवाला मास्क हे मात्र बारा महिने, लॅकर थिनर फुफ्फुसाला वाईटच.

म्युझियममधल्या टँकचा रंग कॉपी करू नका. तिथे देखभालीसाठी पुन्हा पुन्हा ऑइलपेंट मारलेला असतो, आकार बघायला तो टँक उत्तम पण लढाईतला रंग तो नव्हे. ऑलिव्ह ग्रीन घ्या, तामियाचा एक्सएफ-५८ किंवा एक्सएफ-६२ पासून सुरुवात करा आणि त्यात थोडा बफ (फिकट पिवळट रंग) मिसळून उजळ करा, लहान वस्तूवर गडद रंग आणखी काळा दिसतो. आडव्या भागांवर जास्त उजळ, खाली आणि सांध्यांत मूळ रंग. त्यावर सॅटिन वार्निश, मग कॅमलच्या ट्यूबमधला बर्न्ट अंबर आणि थोडा काळा ऑइल कलर मिनरल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फक्त फटींत आणि बोल्टांच्या भोवती सोडा. सगळ्या टँकला पोतेरं फिरवल्यासारखा वॉश (हा पातळ केलेला रंग) नको.

रंगाचे पोपडे कमी ठेवा. लढाई काही आठवड्यांची, टँक वर्षानुवर्षं भंगारात पडलेला नव्हता, आणि क्रू त्याची रोज काळजी घेत होता. जिथे पाय पडतात, हॅचच्या कडा, डब्यांची झाकणं, पुढचे फेंडर, तिथेच स्पंजने दोन-चार ठिपके.

मातीबद्दल थोडं आग्रहाने सांगतो. आपल्या हाताशी काळी माती किंवा कोकणातली लाल, ती लावू नका. फिलौरा, बसंतर हा नद्यांनी आणलेल्या गाळाचा सपाट प्रदेश, माती फिकट, पिवळट-करडी, वाळली की पिठासारखी. सप्टेंबर ६५ करत असाल तर धूळ आणि उसाच्या शेतातला हिरवा पाला, डिसेंबर ७१ चा बसंतर करत असाल तर नाल्याच्या काठचा ओला चिखल, चाकांवर गडद आणि वर स्कर्टवर वाळलेला फिकट. महाग पिगमेंटची गरज नाही, सॉफ्ट पेस्टलच्या कांड्या सँडपेपरवर घासल्या की पूड मिळते, फिकट पिवळी, करडी आणि तपकिरी मिसळा. चिखलासाठी तीच पूड, चिमूटभर प्लास्टर आणि थोडं मॅट वार्निश. खालून वर जाताना थर पातळ होत गेला पाहिजे, आणि ट्रॅकच्या कड्यांत माती दाबून भरलेली हवी, कारण पन्नास टन त्यावरून गेलेत.

नंबर आणि नाव शेवटी. परदेशी किटमध्ये आपल्या रेजिमेंटच्या डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रं-अक्षरं) सहसा नसतात. घरच्या प्रिंटरला पांढरी शाई नसते, म्हणून काळ्या प्लेटवर पांढरा नंबर हवा असेल तर पांढऱ्या डिकल पेपरवर काळी पार्श्वभूमी छापा आणि अक्षरं रिकामी सोडा, कागदाचा पांढरा रंगच अक्षर होतो. छापल्यावर क्लिअर वार्निशचे दोन हात, नाहीतर पाण्यात शाई पसरते. नाव टरेटवर नेमकं कुठे, किती मोठं, ते त्या टँकच्या फोटोत दिसतं तसंच लिहा आणि फोटोत दिसत नसेल तर जागा रिकामी सोडा, खऱ्या माणसांचा टँक आहे, अंदाजाने काही चिकटवू नये. डिकल बसली की तिच्यावरही थोडी धूळ फिरवा, नाहीतर ती आजच लावल्यासारखी उठून दिसते, मग मॅटचा शेवटचा हात. अँटेना ओढलेल्या स्प्रूची करा आणि ती अगदी शेवटी लावा, मॉडेल शेल्फवर जागेवर ठेवून झाल्यावर, आधी लावली की हाताचा धक्का लागून तुटतेच.