शिंगाळा गळाला लागत नव्हता, तेव्हा काय केलं

आम्ही चौघं मित्र प्रयाग चिखलीला, जिथून पंचगंगा सुरू होते तिथं, सकाळपासून शिंगाळ्यासाठी, म्हणजे मिशा असलेल्या एका माशासाठी, गळ टाकून बसलो होतो. दर पाच मिनिटांनी तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) हलायचा, आणि ओढला की गळ रिकामा. चिलापी माशाची पिल्लं गांडूळ कुरतडून नेत होती. त्यात प्लॅस्टिकच्या पिशवीतली निम्मी गांडुळं उन्हानं मेली.

दुपारी मी म्हटलं, "भावा, आधी आमिषाचं बघू." एका मळ्यात विचारून शेणखताच्या ढिगाकडेची ओली माती खणली. जाडजूड गांडुळं मिळाली. ती मातीसकट डब्यात घालून वर ओलं पोतं टाकलं, डबा सावलीत ठेवला. संध्याकाळपर्यंत सगळी वळवळत होती.

दुसरा बदल महत्त्वाचा. आमिष वर तरंगत ठेवणारा थर्माकोलचा तुकडा काढून टाकला आणि वजनाचं शिसं वाढवलं, म्हणजे आमिष थेट तळाला बसतं. शिंगाळा तळाशी चरतो, मिशांनी चाचपून आणि चव घेऊन खाणं शोधतो, त्यामुळं गढूळ पाण्यातही त्याला ते सापडतं. गळ मोठा घेतला आणि त्यावर तीन-चार गांडुळं एकत्र ओवली. बारक्या पिल्लांच्या तोंडात तो मावेना.

दिवेलागणीला तंगूस एकदम ताणला. हातभर शिंगाळा! काढताना मात्र जपा: पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचा काटा तो ताठ करून अडकवतो, बोटात घुसला की हात ठणकतो. आम्ही ओल्या फडक्यात धरूनच गळ सोडवला.