कुंडीतला बेगोनिया का सडतो? बेळगावकडच्या हवेत या चुका टाळा

जून संपत आला की बेळगावात बागेची हौस असलेल्यांची एकच तक्रार ऐकू येते : मे महिन्यात भरभरून फुललेल्या बेगोनियाने पावसात एकाएकी मान टाकली. मान टाकलेलं झाड दिसलं की माणूस आधी तांब्या घेऊन धावतो, आणि झाड तिथेच जातं. माती ओली असताना पानं लुळी पडली तर ती तहान नव्हे. मुळं कुजली आहेत, आणि कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही.

म्हणून वार बघून पाणी घालायची सवय सोडा. मातीत बोट पहिल्या पेरापर्यंत घाला, कोरडं लागलं तरच पाणी द्या. ओलं लागलं तर खोडाचा बुंधा चाचपा. तो मऊ, तपकिरी झाला असेल तर मूळ झाडाच्या नादी लागू नका. वरचा तीन-चार इंचांचा निरोगी शेंडा पेराच्या जरा खाली कापा आणि काप नीट बघा. आत तपकिरी डाग दिसला तर आणखी वर कापा, स्वच्छ हिरवट काप मिळेपर्यंत. फुलं, कळ्या आणि खालची पानं काढून शेंडा ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) खोचा, सावलीत ठेवा. साधारण दोन ते चार आठवड्यांत मुळं धरतात. रंगीत नक्षीदार पानांच्या रेक्स बेगोनियाला असं उभं खोड नसतं. त्याचं नुसतं पान देठासकट लावलं तरी नवं रोप येतं.

माती आणि कुंडी

खानापूरची लाल माती असो की निपाणी-चिकोडीकडची काळी, परड्यातली माती उचलून तशीच कुंडीत भरू नका. कुंडीत ती दाबून बसते आणि मुळांना हवा मिळत नाही. पावसाळ्यात चोर्ला घाटात किंवा आंबोलीला गेलात तर ओल्या कातळावर, शेवाळाच्या पातळ थरात उगवलेला रानबेगोनिया बघा. वरून धो धो पाऊस, पण मुळाशी पाणी थांबत नाही. कुंडीत हेच साधायचं आहे : एक भाग लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग चांगलं कुजलेलं पालापाचोळ्याचं खत किंवा गांडूळखत आणि एक भाग भाताचं जळकं तूस. तूस आपल्याकडे भाताच्या गिरणीत सहज मिळतं. ते काळं असतानाच विझवा. पांढरी राख होऊ दिली तर माती अल्कधर्मी होते आणि बेगोनियाला किंचित आम्लधर्मी माती लागते. तूस नसेल तर जाडी वाळू चालेल. ताजं शेण मात्र अजिबात नको.

दुसरी चूक लाडाची. चार इंचांच्या पिशवीतलं रोप आणतात आणि थेट बारा इंचांच्या कुंडीत लावतात, सारखं बदलायला नको म्हणून. मुळं पोहोचतात तेवढ्याच मातीतलं पाणी ती ओढतात, बाकीची माती दिवसेंदिवस ओली राहते. आधीपेक्षा इंच-दीड इंच रुंद कुंडी पुरे.

कौलारू घर असेल तर पागोळ्यांची रेघ बघून कुंड्या मागे घ्या. पागोळीखाली माती उडते, खोड उघडं पडतं, पानं फाटतात. जांबोटी-कणकुंबीकडे तर पावसाचे महिने बेगोनिया पडवीतच बरा. कुंडीखालची ताटलीही काढून ठेवा.

ऊन कुणाला, सावली कुणाला

‘सावलीचं झाड आहे’ एवढं सांगून नर्सरीवाला मोकळा होतो आणि आपण रेक्स नेऊन टीव्हीशेजारच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवतो. पानांचा रंग विटतो, देठ लांबतात. रेक्सला ऊन नको, पण उजेड भरपूर हवा. पूर्वेची खिडकी सगळ्यात चांगली. चकचकीत पानांचा, बारमाही फुलणारा वॅक्स बेगोनिया सकाळचं दोन-तीन तास ऊन आनंदाने घेतो. पश्चिमेच्या गच्चीवर एप्रिलमधलं दुपारचं ऊन मात्र कुणालाच सोसत नाही. अथणीकडच्या कोरड्या उन्हाळ्यात रेक्सच्या पानांच्या कडा कुरकुरीत होतात. त्यावर फवाऱ्याने पानं भिजवत बसू नका. ताटलीत खडे घालून त्यांच्या पातळीखाली पाणी ठेवा आणि कुंडी खड्यांवर टेकवा.

पानांवर पांढरी भुकटी

ही भुरी. अथणी-विजापूरकडच्या द्राक्षवाल्यांना तिची ओळख करून द्यायला नको! बेगोनियावर येणारी बुरशी वेगळी, पण वागणूक तशीच. पावसाळा सरून रात्री गार होऊ लागल्या की दाटीने ठेवलेल्या कुंड्यांत आधी दिसते. भुरी धरलेली पानं तोडून कचऱ्यात टाका, खतात नको. कुंड्यांमध्ये वारा फिरेल एवढं अंतर ठेवा. तरी पसरली तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, संध्याकाळी फवारा. तापमान तिशीच्या वर असताना गंधक मारलं तर पानं जळतात. नुकतंच निंबोळी तेल फवारलं असेल तरीही दोन आठवडे गंधक नको.

खताचं फार डोक्यात घेऊ नका. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरला एक ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा, तेही नवी पानं येत असतील तेव्हाच.

कंदाचा बेगोनिया

गुलाबासारखी मोठी फुलं बघून हा घेतला जातो. आपल्याकडचा उन्हाळा त्याला मानवत नाही, हे धरूनच विकत घ्या. फुलं संपून पानं पिवळी पडली की बरेच जण झाड मेलं म्हणून फेकतात, नाहीतर जगवायला पाणी वाढवतात. तो झोपी जातोय. पाणी हळूहळू बंद करा, खोड आपोआप गळू द्या, कंद काढून सावलीत सुकवा आणि कोरड्या कोकोपीटमध्ये गार जागी ठेवा. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर त्यांच्या तोंडी लागणार नाही अशा जागी, कारण बेगोनियाचा सगळ्यात विषारी भाग कंदच. कोंब दिसले की लावा, खोलगट बाजू वर ठेवून. त्या खळग्यात पाणी साचलं तर कंद तिथूनच कुजायला लागतो, म्हणून पाणी कुंडीच्या कडेने घाला.