जुना स्टिरिओ भंगारात देण्याआधी एवढं करून बघा

स्टिरिओ एका बाजूने वाजेनासा झाला किंवा वॉल्यूम फिरवताना खरखर यायला लागली की घरातले लगेच म्हणतात, दे तो भंगारवाल्याला आणि साउंडबार घे. प्लीज थांबा. ऐंशी-नव्वदच्या दशकातला सोनी, टेक्निक्स, फिलिप्स किंवा आपला सोनोडाइन असेल तर त्याच्यातला ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंक अजून कितीतरी वर्षं चालतील असे असतात, खराब होतात त्या बहुतेक वेळा तीनच गोष्टी, कॉन्टॅक्ट, स्पीकरच्या कडेचा फोम आणि कॅपॅसिटर (चार्ज साठवणारे आतले नळकांडे), आणि तिन्ही दुरुस्त होतात. त्यात आपण राहतो ठाण्याच्या खाडीच्या काठाला. ऐरोली, विटावा, कोपरी, वाशी कुठेही घ्या, पावसाळ्यात हवेत जो ओलावा असतो तो आधी पिना आणि स्विचेस खातो. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे, आधी फुकटातलं, मग स्वस्तातलं, आणि अ‍ॅम्प (स्पीकरला ताकद देणारा मुख्य डबा) बदलायचा विचार सगळ्यात शेवटी.

सेट बरीच वर्षं बंद पडून असेल तर मात्र थेट प्लगमध्ये घालू नका. कुठल्याही इलेक्ट्रिशियनकडे सिरीज बल्ब असतो, ६० किंवा १०० वॉटचा साधा पिवळा बल्ब (एलईडी चालणार नाही), त्याच्यातून सेट लावायचा, स्पीकर न जोडता. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर बहुतेक ठीक आहे, पूर्ण पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. आणि सेट कोणी बाहेरून आणलेला असेल तर मागचा व्होल्टेज सिलेक्टर बघाच, अमेरिकेत ११०-१२० व्होल्ट आणि जपानमध्ये १०० असतात, आपल्याकडे २३०, सिलेक्टर २२० किंवा २४० वर हवा. सिलेक्टरच नसेल आणि मागे फक्त १२० लिहिलेलं असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागणार.

आता एक बाजू बंद असेल तर. मागे डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी अदलाबदल करा, अर्थात सेट बंद करून. मुका स्पीकर बदलला म्हणजे आता दुसरा स्पीकर मुका झाला, तर स्पीकर चांगले आहेत आणि दोष अ‍ॅम्पमध्ये किंवा त्याच्या आधी आहे. तोच स्पीकर मुका राहिला तर स्पीकर नाहीतर त्याची वायर. अ‍ॅम्पकडे बोट गेलं तर पुढे आरसीए पिना (सीडी प्लेअरच्या केबलच्या लाल-पांढऱ्या पिना) अदलाबदल करा, म्हणजे कळेल की सीडी प्लेअर किंवा केबल खराब आहे की खरंच अ‍ॅम्प. एवढ्याने अर्धं काम होतं आणि मेकॅनिककडे जाल तेव्हा त्याला नेमकं सांगता येतं.

एक खास लक्षण सांगतो कारण हे फार जणांना होतं. हळू आवाजात एक बाजू गायब असते, वॉल्यूम वाढवला की झटकन परत येते. सेट चालू केल्यावर काही सेकंदांनी आतून जो टक आवाज येतो ना, तो स्पीकर प्रोटेक्शनचा रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, त्याचे कॉन्टॅक्ट काळे पडले की असं होतं. रिले साफ करण्यापेक्षा बदलून घ्या, छोटा पार्ट आहे, फक्त कॉइलचा व्होल्टेज आणि पिनांची ठेवण तीच हवी. (टेप मॉनिटरचं बटण किंवा स्पीकर ए-बीचा स्विच खराब असला तरी असंच होतं, म्हणून ती बटणं आधी वीस-पंचवीस वेळा दाबून बघा, कधीकधी तेवढ्यानेच सुटतं.) आणि टक आवाज येतच नसेल तर स्पीकरच्या वायरी काढून परत चालू करा. आता आला तर कुठेतरी वायर एकमेकीला टेकतेय, नाही आला तर अ‍ॅम्प बहुधा आतून डीसी (स्पीकरची कॉइल जाळणारा एकाच दिशेचा करंट) देतोय आणि तो रिले तुमचे स्पीकर वाचवतोय, त्याला बायपास करायचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका.

वॉल्यूमची खरखर म्हणजे पॉटमधल्या (नॉबच्या मागचा फिरणारा भाग) कार्बनच्या पट्टीवर साचलेला मळ. प्लग काढा, बराच वेळ तसंच ठेवा कारण आतले मोठे कॅपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून असतात आणि झटका चांगलाच बसतो, त्यामुळे झाकण उघडलं तरी त्या भागात हात घालायचा नाही. पॉटच्या पाठीमागे, पिना निघतात तिथे बारीक फट असते, कॉन्टॅक्ट क्लीनरची नळी त्या फटीत लावून छोटासा एकच फवारा मारा आणि लगेच नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत तीस-चाळीस वेळा फिरवा. बास, ट्रेबल, बॅलन्स, सगळ्यांना तेच. पूर्ण वाळल्याशिवाय चालू करायचं नाही. गाडीच्या गॅरेजमध्ये वापरतात तो गंज सोडवणारा साधा स्प्रे इथे मारू नका, त्याचा तेलकट थर राहतो आणि त्यावर धूळ बसते. आरसीए सॉकेटना आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानकोरणीचा कापूस पुरे.

घूं आवाज येत असेल तर वॉल्यूम शून्यावर न्या. तरी येतोय? मग पॉवर सप्लायचे मोठे कॅपॅसिटर म्हातारे झालेत, त्यांचं डोकं फुगलेलं किंवा बुडाशी चिकट डाग दिसतो कधीकधी, पण न फुगताही ते गेलेले असू शकतात. नवीन घालताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढा किंवा जास्त, आणि १०५ डिग्रीवाले मागा, ८५ वाले नको. कॅपॅसिटरचं गणित साधं आहे, तापमान १० डिग्रीने वाढलं की आयुष्य साधारण निम्मं, म्हणून अ‍ॅम्प शोकेसच्या बंद कप्प्यात कोंबू नका आणि त्याच्या डोक्यावर सेट-टॉप बॉक्स ठेवू नका. आवाज वॉल्यूमबरोबर वाढत असेल तर तो बाहेरून येतोय. अशा वेळी पहिला संशय केबल टीव्हीच्या वायरवर घ्यायचा, ती सेट-टॉप बॉक्समधून उपटून बघा, घूं थांबला तर ग्राउंड लूप आहे, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा करंट. सगळी उपकरणं एकाच बोर्डावरून चालवा, आणि टीव्ही अ‍ॅम्पला ऑप्टिकल केबलने (मध्ये डॅक लावून, तो पुढे सांगतो) जोडला तर त्या रस्त्याने लूप होतच नाही कारण त्यात तांबंच नसतं. अर्थिंगची पिन तोडून टाकणं हा उपाय नाही, जीवाशी खेळ आहे तो.

स्पीकरकडे या. जाळी काढा आणि वूफरच्या (बासचा मोठा स्पीकर) कडेचा मऊ गोल बोटाने हलकेच दाबा. बोटाला काळा चुरा लागला, किंवा तडे दिसले, तर फोम गेला. फोम साधारण १० ते १५ वर्षांत विरतो, आपल्या हवेत लवकरच. पण कोन (मधला शंकू) आणि कॉइल चांगले असतात, नुसता फोम बदलला की स्पीकर अक्षरशः परत उभा राहतो, म्हणून हे काम मला सगळ्यात जास्त आवडतं. जुना फोम आणि गोंद खरवडून काढायचा, कोनाच्या बाहेरच्या कडेचा आणि फ्रेमचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून त्याच मापाची रिंग मागवायची, आधी कोनाला चिकटवायची, ती वाळल्यावर फ्रेमला. फ्रेमचा गोंद ओला असताना फोन सेटला जोडून त्या स्पीकरमधून ३० हर्ट्झचा टोन अगदी हळू वाजवा, कोन आतबाहेर हलतो, कुठे घासल्याचा आवाज आला तर रिंग किंचित सरकवा, आवाज पूर्ण जाईपर्यंत. फोमच्या जागी रबर लावून देणारे भेटतात, नको म्हणा, रबर जड असतं आणि बासचा स्वभावच बदलतो.

मल्टिमीटर असेल तर ८ ओहमचा स्पीकर ६ ते ७ च्या आसपास दाखवतो, काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली. मीटर नसेल तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, वूफरमधून टपकन आवाज यायला हवा. त्याच वेळी लाल-काळं तपासून घ्या, सेलचा प्लस लालला लावल्यावर दोन्ही वूफर एकाच दिशेला हलले पाहिजेत, एक उलटा जोडला असेल तर बास गायब होतो आणि लोक उगाच नवीन सबवूफर घेतात.

हे सगळं झालं की मगच अपग्रेड. पहिला पैसा सोर्सवर घाला. एक साधा डॅक (डिजिटल सिग्नलचा जुन्या सेटला कळणारा सिग्नल करणारी डबी) किंवा ब्लूटूथ रिसीव्हर मागच्या ऑक्स इनपुटमध्ये लावा, ऑक्स नसेल तर ट्यूनर किंवा टेप इनमध्ये, पण फोनोमध्ये कधीच नाही, तो इनपुट रेकॉर्ड प्लेअरच्या नाजूक सिग्नलसाठी असतो, त्यात आवाज फाटणार. जुन्या फिलिप्सला ५ पिनी डिन सॉकेट असेल तर डिन टू आरसीए केबल मिळते. टीव्हीचं ऑप्टिकल जोडलं आणि आवाजच नाही आला तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑडिओ आउट पीसीएम करा, साध्या डॅकला डॉल्बी कळत नाही. वायरवर हजारो घालवू नका, हॉलमध्ये दीड स्क्वेअर एमएमची कॉपर फ्लेक्सिबल पुरते, फक्त खरं तांबं घ्या, तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम नको.

दुसरा पैसा स्पीकरवर. वॉट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, तोच फरक ८६ ऐवजी ८९ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा (तेवढ्याच वॉटमध्ये किती मोठा वाजतो ते) स्पीकर घेतला तर फुकट मिळतो. फक्त ओहम जुळवा, अ‍ॅम्पच्या मागे ८ ओहम किमान लिहिलं असेल तर ४ वाले जोडू नका. आणि घेण्याआधी आहेत तेच स्पीकर नीट ठेवून बघा, ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला, दोघांमधलं अंतर आणि तुमच्यापर्यंतचं अंतर सारखं, भिंतीच्या कोपऱ्यातून बाहेर. सिडकोच्या छोट्या हॉलमध्येही एवढं जमतं, सोफा जरा हलवावा लागतो इतकंच.

पार्टसाठी लॅमिंग्टन रोड, मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, पूर्वेला उतरा, रविवारी जाऊ नका कारण बहुतेक दुकानं बंद असतात. जुना पार्ट बरोबर न्या, नुसता फोटो दाखवून भागत नाही. अ‍ॅम्प बदलण्याची वेळ माझ्या मते एकाच ठिकाणी येते, त्यात सान्योची एसटीके आयसी (स्पीकरला ताकद देणारा भाग एकाच चिपमध्ये) असेल आणि तीच जळाली असेल तर. ती बनायची बंद झाली, बाजारात डुप्लिकेटचा सुळसुळाट आहे आणि डुप्लिकेट कधी जाईल सांगता येत नाही, जाताना स्पीकर घेऊन जाते. त्यापेक्षा सुट्या ट्रान्झिस्टरवाला सेकंडहँड इंटिग्रेटेड अ‍ॅम्प बघा, बघायला जाताना स्वतःचा फोन, ऑक्सची केबल आणि एखादा स्वस्त स्पीकर न्या, दोन्ही चॅनल, प्रत्येक इनपुट आणि हेडफोनचं भोक वाजवून बघा, आणि निदान अर्धा तास चालू ठेवून मग झाकणावर हात ठेवा, दोन्ही बाजू सारख्याच कोमट लागल्या पाहिजेत.