आई-बाबांना लंडनला पाठवताना: कोल्हापुरातून निघण्याची तयारी

तिकिटावर साडेनऊ-दहा तास लिहिलेले असतात आणि आपण आई-बाबांना तेवढेच सांगतो. गेल्या वर्षी मीही तेच केलं. घराला कुलूप लावल्यापासून बहिणीच्या दारात पोचेपर्यंत पुरते चोवीस तास गेले, आणि बाबांची बीपीची गोळी चेक-इन केलेल्या बॅगेत राहिली. म्हणून आधी कागद घेऊन तासांचा हिशेब मांडा.

कोल्हापूर ते मुंबई पावणेचारशे किलोमीटर. गाडीने आठ तास धरा, पावसाळ्यात खंबाटकी आणि खंडाळ्याच्या घाटांसाठी दोन तास वर ठेवा. विमानतळावर तीन-साडेतीन तास आधी पोचायचं. मुंबई-लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. पश्चिमेकडे जाताना वारा समोरून येतो, त्यामुळे येण्यापेक्षा जायला जास्त वेळ लागतो. उतरल्यावर इमिग्रेशन आणि बॅगांना दीड तास. महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी दादरला सोडते, पण विमान दुपारनंतरचं असेल तरच तिच्या भरवशावर राहा. उजळाईवाडीहून, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावरून, उडणार असाल आणि दोन्ही तिकिटं वेगळी काढली असतील, तर पहिल्या विमानाला उशीर झाल्यावर पुढचं चुकण्याची जबाबदारी तुमचीच. माझं मत विचाराल तर आदल्या दिवशी निघून रात्री मुंबईत नातेवाइकांकडे मुक्काम करा.

गोळ्या हातातल्या पिशवीत, मूळ पाकिटातच ठेवा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. लंडन आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. गोळ्या कोणत्या वेळेला घ्यायच्या ते डॉक्टरांकडून लिहूनच आणा. पॉवर बँकही हातातच. ती मोठ्या बॅगेत चालत नाही. व्हीलचेअर हवी असेल तर कंपनीला किमान दोन दिवस आधी कळवा. आमच्या आईला आधी संकोच वाटला, पण तिथले लांबच लांब चालण्याचे रस्ते पाहून तीच म्हणाली, बरं केलंस.

खाण्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण कोल्हापूरकरांची बॅग त्यानेच भरते. कांदा-लसूण मसाला दुहेरी पिशवीत घट्ट बांधून मोठ्या बॅगेत घाला. पेढे, बर्फी, तूप घरीच ठेवा. भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही नकोत, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंत धरलं जातं.

बसून बसून पाय सुजतात. नवी कोरी कोल्हापुरी बॅगेत जाऊ द्या, पायात सैल बूट घाला. दीड-दोन तासांनी उठून चार पावलं चालायला सांगा. बहिणीचा पत्ता आणि फोन नंबर इंग्रजीत लिहून दोघांच्याही खिशात वेगवेगळा ठेवा. बाबांचं मनगटी घड्याळ मात्र पोचेपर्यंत भारताच्या वेळेवरच राहू द्या. वाटेतल्या गोळ्या त्यावर पाहून घेता येतात.