ट्रकचे चाक पंक्चर झाल्यावर: रस्त्यावरचे काम आणि नव्या टायरची निवड

पुण्याजवळच्या चाकण, तळेगाव किंवा उरुळी देवाचीहून माल भरून निघालेल्या ट्रकच्या मागच्या जोडचाकांपैकी आतल्या टायरची हवा गेली, तर चालकाला ते बहुधा लगेच कळत नाही, कारण शेजारचा टायर दोघांचा भार उचलून गाडी चालती ठेवतो. अशा स्थितीत गाडी किती अंतर धावली, यावर पुढचा सगळा हिशेब अवलंबून असतो. खिळा लागताच थांबलेला टायर थोडक्या खर्चात पुन्हा रस्त्यावर येतो. हवेविना काही किलोमीटर रगडला गेलेला टायर मात्र वरून धडधाकट दिसला तरी आतून संपलेला असतो. म्हणूनच चहापाण्यासाठी गाडी थांबली की प्रत्येक टायरवर टॉमीचा, म्हणजे लोखंडी कांबेचा, ठोका मारण्याची जुन्या चालकांची सवय मोलाची आहे. हवा भरलेला टायर टॉमी उसळवतो, हवा गेलेला मात्र बद्द आवाज देतो.

चालत्या गाडीत पुढचा टायर फुटला, तर ब्रेक दाबू नये. स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून, अॅक्सिलरेटरवरचा पाय काढून गाडीचा वेग आपोआप कमी होऊ द्यावा आणि मगच ती डावीकडे घ्यावी. थांबण्याची जागाही विचारपूर्वक निवडावी. नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार, खंबाटकी किंवा दिवे घाटातले वळण, अशा ठिकाणी भरलेली गाडी जॅकवर उचलणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. टायर वाया गेला तरी चालेल, पण गाडी हळूहळू सपाट जागेपर्यंत न्यावी. त्रिकोणी परावर्तक गाडीच्या मागे किमान पन्नास मीटरवर, आणि वळण असेल तर वळणाच्या अलीकडे ठेवावा. सातारा, सोलापूर किंवा नाशिककडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर अडकल्यास १०३३ या क्रमांकावर मदत मागता येते. तातडीचा प्रसंग असेल तर ११२ आहेच.

हँडब्रेक लावून, गाडी गिअरमध्ये ठेवून, जमिनीवर टेकलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. ठोकळ्यांऐवजी दगड वापरले असतील, तर काम झाल्यावर ते उचलून रस्त्याच्या पूर्ण बाहेर टाकावेत; मागे राहिलेला असा एखादा दगड रात्री दुचाकीस्वाराचा जीव घेऊ शकतो, आणि ही जबाबदारी दुसऱ्या कोणाचीही नाही. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करावेत. काही जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या नटांचे आटे उलटे असतात, तेव्हा पान्यावर जोर लावण्यापूर्वी दिशा पाहून घ्यावी. साइडपट्टीची माती पावसाने भुसभुशीत झाली असेल, तर जॅकखाली जाड फळी ठेवावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही अंग घालू नये.

सर्वांत मोठा धोका रिंगवाल्या रिममध्ये असतो. ट्यूब आणि फ्लॅप (ट्यूब व रिम यांच्यामधली रबरी पट्टी) असलेल्या चाकात लोखंडी रिंग केवळ बसणीवर आणि हवेच्या दाबावर टिकून असते, आणि ती निसटली तर समोरच्या माणसाला वाचण्याची संधी मिळत नाही. म्हणून चाक उतरवण्यापूर्वी वाल्वमधली पिन काढून उरलीसुरली हवा पूर्ण सोडावी. दुरुस्तीनंतर हवा लोखंडी पिंजऱ्यात, लांब नळीने आणि बाजूला उभे राहूनच भरली जावी. ज्या दुकानात पिंजरा नाही आणि पोरगा रिंगवर पाय ठेवून हवा भरतो, तिथे पन्नास रुपये वाचतात म्हणून चाक देऊ नये.

पंक्चरवाल्याने टायर उघडला की आत बॅटरीचा उजेड टाकून स्वतः पाहावे. आतल्या बाजूला रबराची काळी भुकटी साचली असेल, बाजूच्या भिंतीवर गोलाकार सुरकुती उमटली असेल किंवा आतला थर जळून निळसर झाला असेल, तर तो टायर हवेविना धावलेला आहे. रेडियल टायरच्या बाजूतल्या पोलादी तारा अशा रगडण्याने एकेक करून तुटतात आणि पुन्हा हवा भरताना तो भाग एका रेषेत उसवत फुटतो. हवा भरताना बाजूतून तडतड आवाज आला, तर तत्क्षणी हवा सोडून टायर भंगारात काढावा. साध्या खिळ्याचे, नक्षीच्या भागातले, सुमारे दहा मिलिमीटरपर्यंतचे भोक आतून पॅच लावून नीट दुरुस्त होते. ट्यूबलेस टायरमध्ये बाहेरून भोकात घातलेली रबरी दोरी फक्त दुकानापर्यंत पोहोचण्यापुरती समजावी. खांद्यावरचे, म्हणजे नक्षी आणि बाजूची भिंत जुळते तिथले, किंवा बाजूचे भोक दुरुस्त करू नये.

नवा टायर घ्यायची वेळ आली, की केवळ आकडा जुळवून भागत नाही. टायरवर १०.०० आर २० या मापाशेजारी १४६/१४३ के असे छापलेले असते. पहिला आकडा एकेरी चाकाची क्षमता सांगतो, दुसरा जोडचाकातली. १४६ म्हणजे ३००० किलो, १४३ म्हणजे २७२५ किलो, आणि के म्हणजे ताशी ११० किलोमीटर. आता मागच्या आसाचा (अॅक्सलचा) हिशेब करून पाहावा. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने चार टायरच्या आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. २७२५ किलोचे चार टायर मिळून १०,९०० किलोच उचलतात. म्हणजे कायद्यात बसणारा मालही त्या टायरांना जड आहे. तिथे १४९/१४६ क्षमतेचा, म्हणजे जोडीत ३००० किलोचा टायर हवा. जुने टायर होते तेच पुन्हा द्या, असे सांगण्याआधी मालकाने हे गणित जरूर करावे.

जोडीतले दोन टायर सारख्या उंचीचे असणे तितकेच आवश्यक आहे. या मापात दोघांच्या व्यासातला फरक १२ मिलिमीटरपेक्षा जास्त असू नये, कारण उंच टायर जास्त भार घेऊन तापतो आणि बुटका घासत ओढला जातो. त्यामुळे निम्म्या झिजलेल्या टायरशेजारी कोरा टायर बसवू नये. कोरे टायर पुढे लावून पुढचे चांगले टायर मागे घेणे, हा माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा क्रम आहे. एकाच आसावर पोलादी तारांचे रेडियल आणि नायलॉनच्या धाग्यांचे टायर मिसळू नयेत. रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवी नक्षी चढवलेला, टायर केसिंग (टायरचा मूळ सांगाडा) निरोगी असेल तर मागच्या आसावर उत्तम काम देतो, पण स्टेअरिंगच्या चाकांवर तो बसवू नये.

दुकानात पैसे मोजण्यापूर्वी आयएसआय चिन्ह आणि डॉट या अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे पाहावेत. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. वापरात असलेल्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली, की नियमानुसार तो बाद ठरतो, तरी भरलेल्या गाडीने घाट उतरणाऱ्याने इतका गोटा होण्याची वाट पाहू नये.

ट्यूब आणि फ्लॅप टायरबरोबर नवेच घ्यावेत. दाब थंड टायरमध्ये मोजावा. वर सांगितलेल्या १४६/१४३ टायरसाठी पूर्ण भाराला तो १२० पीएसआयच्या (हवेचा दाब मोजायचे एकक) आसपास लागतो. धावून तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसला म्हणून हवा कमी करू नये. नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि पहिल्या पन्नास ते शंभर किलोमीटरांनंतर गाडी थांबवून ते पुन्हा आवळून घ्यावेत.