युनिव्हर्सिटीचा नेटवर्क ड्राइव्ह आपल्या लॅपटॉपला जोडायचाय? आधी हे वाचा

पीजीला नाहीतर पीएचडीला नवीन आलेल्या पोरापोरींसाठी लिहितोय, खास करून खानापूर, निपाणी, चिकोडीकडनं येऊन बेळगावात रूम करून राहिलेल्यांसाठी. गाईड म्हणतात "डेटा शेअरवर हाय, बघून घे", हातात एक पत्ता आणि यूजरनेम देतात आणि मीटिंगला जातात. पुढचं आपलं आपण. शेअर म्हणजे युनिव्हर्सिटीच्या सर्व्हरवरचं सगळ्यांनी वापरायचं फोल्डर, आणि ते आपल्या लॅपटॉपवर ड्राइव्हसारखं जोडलं की तो नेटवर्क ड्राइव्ह.

जोडायचं काम तसं दोन मिनटाचं हाय. विंडोज ११ मध्ये 'दिस पीसी' उघडा, वरच्या तीन टिंबांवर क्लिक केलं की 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' येतं, पत्ता टाका, म्हणजे सुरुवातीला दोन बॅकस्लॅश, मग सर्व्हरचं नाव, परत एक बॅकस्लॅश आणि फोल्डरचं नाव. खाली 'कनेक्ट यूजिंग डिफरंट क्रेडेन्शियल्स' वर टिक करायची, ही टिक विसरू नका, कारण नाहीतर विंडोज तुमच्या लॅपटॉपच्याच लॉगिननं आत शिरायला बघतंय आणि सर्व्हर त्याला ओळखत नाही. लॅपटॉप उघडताना टाकता तो पिन पण इथं चालत नाही, युनिव्हर्सिटीचाच पासवर्ड पाहिजे. मॅकवाल्यांनी फाइंडरमध्ये कमांड आणि के दाबायचं आणि पत्त्याआधी एसएमबी, कोलन, दोन साधे स्लॅश लावायचे.

आता खरी रडारड. कॅम्पसात चालतंय आणि टिळकवाडीच्या रूमवर चालत नाही, ही सगळ्यांची तक्रार. त्याचं कारण पासवर्ड नव्हे. हे शेअर ४४५ नंबरच्या पोर्टवरनं (पोर्ट म्हणजे नेटवर्कवर ये-जा करायचा नंबर दिलेला दरवाजा) बोलतात आणि बाहेरच्या इंटरनेटवर तो पोर्ट बहुतेक ठिकाणी बंदच असतोय, २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय व्हायरस ह्याच रस्त्यानं जगभर पसरला होता, तेव्हापासनं कुणी तो उघडा ठेवायच्या भानगडीत पडत नाही. म्हणून रूमवरनं आधी युनिव्हर्सिटीचा व्हीपीएन, म्हणजे बाहेरनं पण आपल्याला युनिव्हर्सिटीच्या नेटवर्कात आत घेणारं सॉफ्टवेअर, चालू करायचा, मग ड्राइव्ह. मोबाईलचं हॉटस्पॉट घेतलं तरी तेच, अगदी लॅबमध्ये बसून हॉटस्पॉट लावलं तरी तुम्ही नेटवर्कच्या बाहेरचेच.

व्हीपीएन लागलाय, पासवर्ड बरोबर हाय, तरी आत घेत नाही? कंप्युटर सेंटरला फोन केला की तिकडनं एकच उत्तर येतंय, "डोमेन हाक्री!" म्हणजे डोमेन घाला, यूजरनेमच्या आधी डोमेनचं (युनिव्हर्सिटीच्या लॉगिन-यंत्रणेचं) नाव आणि एक बॅकस्लॅश. कन्नड येत नसलं तरी हे एवढं वाक्य इथं सगळ्यांना पाठ होतंय.

आणि सगळ्यात वाईट भानगड पासवर्ड बदलल्यावरची. वेबसाइटवर तुम्ही नवीन पासवर्ड केला, पण विंडोजनं जुना जपून ठेवलेला असतोय आणि गुपचूप तोच पाठवत बसतंय, चार-दोनदा चुकला की अकाउंट लॉक, मग ईमेल पण बंद आणि वायफाय पण बंद, आणि आपण बसतोय सेंटरला शिव्या देत. पासवर्ड बदलला की त्याच बैठकीला कंट्रोल पॅनलमध्ये 'क्रेडेन्शियल मॅनेजर' उघडून त्या सर्व्हरची जुनी नोंद काढून टाका. १२१९ नंबरचा एरर आला तर समजायचं की त्याच सर्व्हरला तुम्ही आधीच दुसऱ्या नावानं जोडलेला हाय, जुना ड्राइव्ह डिस्कनेक्ट करा, नाही जमलं तर सरळ रिस्टार्ट मारा.

माझं मत विचाराल तर रूमवरनं शेअरमधली फाइल थेट उघडून काम करूच नका. व्हीपीएनवर मोठी एक्सेल फाइल सेव्ह व्हायला लागली आणि मध्येच करंट गेला, राउटर बंद, की फाइल अर्धवट. लॅपटॉपवर कॉपी घ्यायची, काम करायचं, संध्याकाळी परत टाकायची, नावात तारीख घालून. सीनियर लोक ह्याला हसतात, हसू देत.

एक अजून. नेटवर्क ड्राइव्हवरनं डिलीट केलेली फाइल तुमच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, गेली ती गेली. तसं झालं तर फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'प्रीव्हियस व्हर्जन्स' बघा, सर्व्हरवर ती सोय चालू असली तर जुनी कॉपी तिथं दिसतीय. रिकामं असलं तर त्याच दिवशी कंप्युटर सेंटरला फाइलचा पूर्ण पत्ता आणि शेवटची कधी बघितली ती वेळ लिहून मेल टाका, बॅकअप जुने झाले की पुसले जातात.